पुढे काय झालं?

नमस्कार श्रोतेहो.

सांगली-मिरजेत, तासगाव-विट्याला, आटपाडीत, जतेत, पलीकडे कऱ्हाड-पाटणला कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर एखादी जाड वही पडून असते. कुणाची कादंबरी असते, कुणाचं नाटक, कुणी वडिलांची हकिगत लिहायला घेतलेली असते. सुरुवातीची चाळीस-पन्नास पानं एका दमात लिहिलेली. अक्षरसुद्धा धावताना दिसतं. मग एका पानावर पेन थांबतं आणि थांबतंच. वहीवर धूळ बसते, घरातले विचारायचं सोडून देतात, आणि लिहिणारा मनाशी म्हणतो, आपल्याला जमणारं काम नव्हतं हे. आज मला त्या माणसाशी बोलायचंय.

लोक माझ्याकडे वह्या घेऊन येतात. बहुतेक जण सांगतात, "लिहायची इच्छाच गेली हो." पण खोदून विचारलं की वेगळंच निघतं. इच्छा आपोआप गेलेली नसते. मधल्या एका संध्याकाळी त्यांनी पहिल्या पानापासून सगळं वाचून काढलेलं असतं आणि वाचताना एकच प्रश्न विचारलेला असतो: हे चांगलं आहे का? अर्ध्या गोष्टीला ह्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. ज्या माणसाचं पुढे काय होणार हे ठरलेलंच नाही, त्याच्या पहिल्या भेटीचा प्रसंग बरा की वाईट, हे कसं सांगणार? पण आपण निकाल देऊन मोकळे होतो, आणि तो निकाल बहुधा आपल्या विरुद्धच जातो. कारण शेजारी आपल्या आवडत्या लेखकाचं छापून आलेलं, पाच-सहा वेळा तपासलेलं पुस्तक असतं आणि इकडे आपला पहिला खर्डा.

सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. आत हवा नाही म्हणून कीड जगत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. रोज झाकण उघडून हळद कशी आहे ते बघितलं असतं तर ती टिकली नसती. लिहून झालेल्या पानांचं तसंच करा. काल लिहिलेला शेवटचा परिच्छेद वाचा, धागा लागण्यापुरता. त्याच्या मागे जाऊ नका. पेव उघडायची वेळ येणारच आहे, गोष्ट संपल्यावर.

मग रोज बसल्यावर स्वतःला विचारायचं काय? आपल्या आज्या-आया गोष्ट सांगायच्या तेव्हा आपण त्यांना जे विचारायचो तेच: पुढे काय झालं?

एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. १९७२ च्या दुष्काळावर लिहीत होते. जत भागातलं घर, विहीर आटलेली, जनावरं विकलेली, आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला निघालीय. तिथं वही थांबली होती. म्हणाले, "म्याडम, वाचून बघितलं. काय दम न्हाई त्यात." मी वही उघडली नाही. विचारलं, "मग आई पोचली का खडीवर? पहिल्या दिवशी काय झालं?" ते सांगायला लागले. हातोडी घरची न्यावी लागली का, मुकादम कोण होता, पहिल्या दिवशी हाताला फोड आले तर आईने लुगड्याचा काठ फाडून कसा बांधला, सुकडी वाटायला लागली की पोरं कशी रांगेत उभी राहायची. चहा गार झाला तरी बोलतच होते. मी एवढंच म्हटलं, "काका, हे आत्ता जे सांगितलंत तेच पुढचं प्रकरण. घरी जाऊन असंच लिहा." त्यांच्याजवळ गोष्ट होती, शब्द होते, उमेदही होती. निकालाच्या प्रश्नाने ती अडवून धरली होती.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की वही अडली असेल तर ऐकणारा एक माणूस गाठा. समीक्षक नको, मराठीचा प्राध्यापकही नको. बहीण चालेल, वाचनालयातली मैत्रीण चालेल, रोज फिरायला सोबत येणारे अण्णा चालतील. त्यांना आधीच सांगून ठेवा: चांगलं-वाईट बोलायचं नाही, फक्त पुढे काय झालं ते विचारायचं. आठवड्यातून एकदा पाच-सात पानं मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना कुठे जीभ अडखळते, कुठे समोरचा मोबाईलकडे बघतो, हे तुम्हालाच कळेल. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की कुणीतरी वाट बघतंय. ज्या दिवशी आतून काहीच उमटत नाही, त्या दिवशी ही वाट बघणारी माणसंच आपल्याला टेबलापाशी नेऊन बसवतात.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते, आणि ते रेडिओचंच आहे. ग. दि. माडगूळकर आटपाडीकडच्या शेटफळ्याचे. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा सगळी छप्पन्न गाणी लिहून तयार नव्हती. आठवड्याला एक नवं गाणं, आणि हे वर्षभर. सुधीर फडके चालीसाठी थांबलेले, गायक थांबलेले, आणि घराघरांत माणसं पुढच्या आठवड्याकडे डोळे लावून बसलेली. गदिमांची प्रतिभा मोठी होतीच, तिच्याशी आपली बरोबरी नाही. पण मला नेहमी वाटतं, त्या वर्षातल्या एखाद्या थकलेल्या रात्री त्यांनाही ऐकणाऱ्यांनीच पुढं ढकललं असेल. रामाची कथा तर सगळ्यांना पाठ होती, तरीही लोक पुढच्या गाण्यासाठी थांबले. आपली गोष्ट तर कुणालाच ठाऊक नाही.

आपल्या भागातल्या लिहिणाऱ्यांना आणखी एक शंका पोखरते, आणि ती ऐकली की मला फार वाईट वाटतं. "आमची भाषा गावंढळ आहे हो, पुण्या-मुंबईचे लोक हसतील." अहो, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे! शाळा जवळजवळ नाहीच, पोटासाठी मुंबई गाठलेली, आणि तिथे राहून त्यांनी वारणेकाठची माणसं त्यांच्याच बोलीत उभी केली. १९५९ साली 'फकिरा' आली. माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेशातली मेंढरं, धनगरांची वस्ती आणि उजाड माळ घेऊन 'बनगरवाडी' लिहिली, ती १९५५ ची. ही भाषा मराठी साहित्यात मानाने बसून साठ-सत्तर वर्षं झाली. तुमच्या आत्याबाई जशा बोलतात तशा पानावर बोलू द्या. तिला प्रमाण मराठी शिकवायला गेलात की ती गप्प होते, आणि मग तुम्हाला वाटतं प्रेरणा गेली.

आणि मध्ये फार दिवस गेले म्हणून वही हातात घ्यायला लाज वाटत असेल, तर वि. स. खांडेकर आठवा. सांगलीत जन्मलेले. १९४२ मध्ये 'क्रौंचवध' आल्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ त्यांची नवी कादंबरी आली नाही, आणि हा तर त्या काळी घराघरांत वाचला जाणारा कादंबरीकार. साठी उलटल्यावर, १९५९ मध्ये त्यांची 'ययाति' आली. मराठीला पहिलं ज्ञानपीठ तिनं मिळवून दिलं, १९७४ चं. तेव्हा तुमची दोन-तीन वर्षं वाया गेली असं समजू नका. त्या काळात तुम्ही जगलात, माणसं बघितलीत, ते वहीत उतरेलच.

आता बसायचं कसं, ते थोडक्यात. घरात धारा काढायच्या असतात, डबे असतात, पाणी यायची वेळ असते, ऊस तुटायला आला की घरच फडात जातं. म्हणून रोज दोन तास लिहा असं मी म्हणणार नाही. दिवसाआड एक पान लिहिलं तरी वर्षाकाठी १८० पानं होतात, आणि कादंबरीला तेवढी पुरतात. उठताना मात्र पुढचा प्रसंग माहीत असतानाच उठा आणि पानाच्या तळाशी एक ओळ टाकून ठेवा, "उद्या मामा येतो आणि वाटणीचं काढतो", एवढीच. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची भीती राहत नाही. एखादा प्रसंग लिहायचा कंटाळा येत असेल तर "इथे लग्न" असं लिहून चौकट करा आणि पुढे चला. बऱ्याचदा असं होतं की शेवटी वाचताना ते लग्न लागतच नाही.

कधीकधी शंका खरी असते, हेही सांगायला हवं. मोठ्याने विचारलं, पुढे काय झालं, आणि तोंडीसुद्धा उत्तर येत नाही, चार दिवसांनी विचारलं तरी येत नाही, तर गोष्ट मागे कुठेतरी चुकीच्या वाटेला लागलीय. तेव्हा सगळी वही टाकू नका. ज्या प्रसंगापर्यंत उत्तर सहज येत होतं, तिथवर या. तिथून एखाद्या माणसाला दुसरा निर्णय घेऊ द्या. मुलगी परत आली असं लिहिलं असेल तर ती येऊ नये. गेलेली वीस पानं बाजूला ठेवा, त्यातलं एखादं वाक्य पुढे हमखास कामाला येतं.

आणि शेवटाच्या जवळ पोचलात की शंका पुन्हा येईल, पहिल्यापेक्षा जोरात. कारण आता वही लोकांच्या हातात जायची वेळ जवळ आलेली असते. पुष्कळ जण शेवटचं प्रकरण तेवढं ठेवून वर्षं काढतात. अशा वेळी ते प्रकरण कच्चं, वेडंवाकडं लिहा, पण लिहा. खाली तारीख घाला. महिनाभर वहीला हात लावू नका, आणि मग पहिल्या पानापासून बसा, हातात लाल पेन घेऊन. आता विचारा, चांगलं आहे का. आता त्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि जे वाईट निघेल ते दुरुस्त करता येईल.

औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, कृष्णेच्या काठी. आसपासच्या गावांतून लिहिणारी-वाचणारी माणसं तिथे येतात. यंदा जाऊन या. तुमच्या वहीला ऐकणारा माणूस तिथे भेटेल.

नमस्कार.