शेतीवर घर चालतं का? पिंपळे सौदागरमधली शंभर वर्षांपूर्वीची मोजणी

नमस्कार. मी आत्ता पिंपळे सौदागरला आहे, कोकणे चौकात. मागे टॉवर दिसतायत, पलीकडे पवना नदी. इथली जमीन आता चौरस फुटाच्या भावाने जाते. पण एकशेदहा वर्षांपूर्वी हे पुण्याजवळचं एक साधं शेतकरी गाव होतं, आणि एक माणूस आपले सहकारी घेऊन इथे घरोघर, बांधाबांधाने फिरला. त्याने विचारलेला प्रश्न आज मला तुमच्यासमोर ठेवायचाय: या घराचं पोट या शेतीवर भरतं का?

त्याचं नाव डॉ. हॅरल्ड मॅन. शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. 1907 मध्ये तो पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. त्याआधी इंग्लंडमध्ये, बेडफर्डशरमधल्या रिजमाँट नावाच्या खेड्यात त्याने गरिबीची मोजणी केली होती. तीच पद्धत त्याने इथे आणली. माणसाला जगायला किमान किती लागतं ते आधी ठरवायचं. मग एकेका घरात तेवढं येतं का, ते बघायचं. पिंपळे सौदागरचा त्याचा अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध झाला.

आधी जमिनीचं सांगते. जुन्या कागदांवरून त्याने दाखवलं की 1771 मध्ये गावात खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती. 1914-15 मध्ये ती 7 एकरांवर आली होती. त्या 7 एकरांचेही तुकडेच. 156 खातेदार आणि त्यांच्या जमिनीचे 729 तुकडे. त्यांतले 463 एका एकरापेक्षा लहान, आणि 112 तर दहा गुंठ्यांच्याही आतले.

हे ऐकून शेतकऱ्याला नावं ठेवायची घाई करू नका. वाटणी कशी होते ते आठवा. तीन भाऊ आहेत. काळ्या रानाचा एक पट्टा, माळाला मुरमाड, एक वावर विहिरीला लागून. एकाला सगळं काळं आणि दुसऱ्याला सगळा माळ दिला तर त्या घरात पुढची पन्नास वर्षं भांडण. म्हणून प्रत्येक वावराचे तीन हिस्से होतात. त्यात न्याय असतो. पाऊस दगा देतो तेव्हा शहाणपणही असतं, कारण सगळं एकाच जागी बुडत नाही. फक्त पुढच्या पिढीत त्या तिघांचे आठ होतात, बांधच दोन पावलांवर येतो, आणि औत वळवायला जागा राहत नाही.

1947 मध्ये मुंबई प्रांताने तुकडेबंदीचा कायदा आणला. ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचा व्यवहार करायचा नाही, असा. पण घरातली माणसं वाढायची थांबत नाहीत. महाराष्ट्रात ही किमान मर्यादा 2023 मध्ये जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठ्यांवर आणावी लागली.

पण मॅनच्या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो भाग जमिनीचा नाही, घराचा आहे. त्याने गावातल्या 103 कुटुंबांचा जमाखर्च मांडला. नुसत्या शेतीवर ज्यांचं नीट भागत होतं, अशी कुटुंबं किती? 8. शेतीला बाहेरच्या कामाची जोड देऊन ज्यांचं भागत होतं, ती 28. आणि उरलेली 67 कुटुंबं, म्हणजे शंभरातली पासष्ट, सगळी मिळकत धरूनही तोट्यात.

आता तुम्ही म्हणाल, हे गाव शहराच्या कडेला, खडकीचा दारूगोळा कारखाना हाकेच्या अंतरावर, यावरून दख्खनचा अंदाज कसा बांधायचा? शंका रास्त आहे. म्हणूनच मॅनने आपले सहकारी कानिटकर यांना बरोबर घेऊन शहरापासून लांबचं, कोरडवाहू गाव निवडलं: शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. तो अभ्यास 1921 मध्ये आला. तिथे 147 कुटुंबं. शेतीवर भागणारी 10, जोडकामाने भागणारी 12, तोट्यातली 125. शंभरातली पंच्याऐंशी.

हे दोन आकडे शेजारी ठेवा: पासष्ट आणि पंच्याऐंशी. पाऊसपाणी आणि माती यांचा फरक त्यात आहेच. पण माझी नजर मधल्या आकड्यावर जाते. शहराजवळ जोडकामाने तरलेली घरं 28, लांबच्या गावात फक्त 12. रोजची मजुरी जिथे हाताशी होती तिथे जास्त घरं पाण्याच्या वर राहिली.

आपल्या कानांना सवय आहे ती ‘एकरी’ची. एकरी किती टन, एकरी किती क्विंटल, एकरी किती लाख. यशोगाथाही त्याच भाषेत सांगितल्या जातात. एकराचा हिशोब पिकाबद्दल सांगतो, आणि तो हवाच. पण शाळेची फी, दवाखाना, लग्न, हप्ता हे एकर भरत नाही, घर भरतं. घराचा हिशोब मांडला की चित्र पार बदलतं.

आजचं बघू. कृषिगणना सांगते की 1970-71 मध्ये महाराष्ट्रात सुमारे साडेएकोणपन्नास लाख वहिवाटदार, म्हणजे जमीन कसणारे, होते आणि सरासरी क्षेत्र 4.28 हेक्टर. 2015-16 मध्ये वहिवाटदार झाले जवळपास 1 कोटी 53 लाख, आणि सरासरी 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. इथे जरा थांबा. आपल्याकडे ही गणना मुख्यतः सातबाऱ्यावरून होते, आणि सातबाऱ्यावरचं खातं म्हणजे चूल नव्हे. बाप, दोन मुलं आणि सून अशी चार नावं लागलेली असतात आणि स्वयंपाक एकाच ठिकाणी होतो. म्हणून ‘सरासरी सव्वातीन एकर’ हा आकडा ऐकलात की विचारायचं: हे खात्याचं की घराचं?

घराचा आकडा मिळतो राष्ट्रीय नमुना पाहणीत. जुलै 2018 ते जून 2019 या वर्षात देशातल्या शेतकरी कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत 10,218 रुपये निघाली. महाराष्ट्राची 11,492. देशाच्या आकड्याची फोड बघा: मजुरी आणि पगारातून 4,063. पिकातून 3,798. जनावरांतून 1,582. बाकी थोडं धंद्यातून, थोडं जमीन वाट्याने किंवा खंडाने देऊन. सहा वर्षं आधी, 2012-13 मध्ये, पिकातून 3,081 येत होते आणि मजुरीतून 2,071. म्हणजे या सहा वर्षांत मजुरी पिकाच्या पुढे गेली. आणि हे भूमिहीनांचं घर नव्हे. ज्याला सरकार शेतकरी कुटुंब म्हणतं, त्या घराचं आहे.

मॅनची ती मधली 28 घरं आठवतायत ना? आज देशातलं सरासरी शेतकरी घर त्यांच्या ओळीत येऊन उभं आहे.

मग शेतीचं धोरण फक्त शेतात संपत नाही, आणि महाराष्ट्राने हे एकदा ओळखलंही होतं. 1971 मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. खेड्यात मागेल त्याला काम देणारा मोठा सार्वजनिक कामांचा कार्यक्रम हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती, ही कल्पना आधीपासून धरून होते. मग 1972 चा दुष्काळ आला आणि लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामांवर गेली. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्याचा पैसा उभा करायला व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दर महिन्याला तो कापला जाई, आणि गावात कामाची हमी उभी राही. माझ्या मते स्वतंत्र महाराष्ट्राने केलेल्या मोजक्या मोठ्या गोष्टींपैकी ही एक. 2005 चा देशभरचा रोजगार हमी कायदा याच वाटेने पुढे आला.

आता एक गोष्ट मोजणीच्या आतली, कारण हमीभावाची भांडणं तिथूनच सुरू होतात. पिकाचा उत्पादन खर्च काढण्यासाठी ठरलेल्या गावांत एक कर्मचारी निवडक शेतकऱ्यांकडे वर्षभर नोंदी ठेवतो. किती बियाणं, किती खत, किती माणसं, किती तास. खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए2. त्यात घरच्यांच्या कष्टाची मजुरी मिळवली की ए2 अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही धरलं की सी2. हमीभाव खर्चाच्या दीडपट, असं केंद्र सरकार म्हणतं ते ए2 अधिक एफएलच्या. शेतकरी संघटना मागतात सी2 च्या. दोघेही ‘दीडपट’च म्हणतात, आणि दोघांत क्विंटलमागे शेकड्यांनी रुपयांचं अंतर पडतं.

आणि त्या एफएलमध्ये काय लिहिलं जातं, हे नोंद घेणारा कुणाला विचारतो यावर ठरतं. ओसरीवर बसलेल्या बाप्याला विचारलं तर तो नांगरट, पेरणी, फवारणी सांगेल. रात्री बियाणं निवडलं कुणी, गोठ्यातलं शेण काढलं कुणी, भाकरी बांधून रानात नेली आणि येताना वैरणीचा भारा आणला कुणी, हे त्याच्या तोंडून येत नाही. ते माजघरात जाऊन विचारावं लागतं.

तुमच्या घरी शेती असेल तर या पाडव्यापासून एक दोनशे पानी वही घाला. एका बाजूला घरात आलेला प्रत्येक रुपया, कुठून आला त्यासकट: पीक, दूध, मजुरी, पुण्या-मुंबईहून मुलाने पाठवलेले. दुसऱ्या बाजूला गेलेला. आणि तिसरा रकाना घरच्यांच्या तासांचा, बायकांचे आणि म्हाताऱ्यांचेही. पुढच्या पाडव्याला बेरीज करा आणि मला खाली लिहा: गाव, किती एकर, घरात किती माणसं, आणि मॅनच्या तीन ओळींपैकी तुमचं घर कोणत्या ओळीत बसलं. पहिल्या दहा वह्या आल्या की त्यांवरच व्हिडिओ करते.