सर्व्हर जप्त होतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

१ मार्च १९९०ची सकाळ. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात स्टीव्ह जॅक्सन नावाचे गृहस्थ खेळांची पुस्तकं छापायचे. कंपनी छोटी. त्या सकाळी सिक्रेट सर्व्हिस या तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेचे अधिकारी वॉरंट घेऊन आले आणि तीन संगणक, तीनशेहून जास्त फ्लॉपी डिस्क उचलून घेऊन गेले. छपाईला जायच्या बेतात असलेल्या पुस्तकाचा मसुदा त्यातच होता. शिवाय त्यातला एक संगणक फोनच्या तारेवरून लोकांना एकमेकांशी पत्रव्यवहार करू द्यायचा. ३६५ जण त्यावर होते.

संशय होता कंपनीतल्या एका कर्मचाऱ्यावर. जॅक्सन यांच्यावर कधीच कुठला आरोप ठेवला गेला नाही. दुसऱ्या दिवशी ते अधिकाऱ्यांकडे गेले, निदान माझ्या फायलींच्या प्रती तरी द्या म्हणाले. बहुतेक सामान परत यायला जून उजाडला. तोवर जुन्या प्रतींवरून पुस्तक पुन्हा उभं करावं लागलं, माणसं कामावरून कमी करावी लागली. आणि त्या संगणकात १६२ खासगी पत्रं अशी होती, की ज्यांना ती लिहिली होती त्यांनी अजून उघडलीही नव्हती.

१९९३ साली न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला, ५१,०४० डॉलर नुकसानभरपाई दिली. पण न्याय मिळायला तीन वर्षं लागली. छोटा धंदा तीन वर्षं कशावर तग धरणार?

कोयता जप्त केला तर एक कोयता जातो. सर्व्हरचं, म्हणजे अनेकांचं काम एकत्र सांभाळणाऱ्या संगणकाचं, तसं नाही. चाळीतल्या एका खोलीवर संशय आला म्हणून अख्ख्या चाळीला सील ठोकावं, तसं ते होतं. तुमच्यापैकी कुणी चार शाळांच्या फीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर चालवत असेल, कुणी गावातल्या दुकानांना वेबसाइट काढून देत असेल. त्यातल्या एका गिऱ्हाइकाने काही आगळीक केली, तर बाकीच्या सगळ्यांचं काम त्याच पेटीत अडकतं.

बरेच जण मला सांगतात, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ आहे ना आपल्याला. आहे. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, योग्य दक्षता घेतली असेल तर, ते तुम्हाला जबाबदारीतून वाचवू शकतं. पण ते संरक्षण दायित्वापासून आहे, जप्तीपासून नाही. पुरावा म्हणून यंत्र हवं असेल, तर तुम्ही साक्षीदार असलात तरी ते नेता येतं. हा फरक समजून घ्या, कारण गफलत इथेच होते.

आपल्याकडे १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६खाली पोलीस वस्तू जप्त करतात आणि तसं दंडाधिकाऱ्यांना विनाविलंब कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कलम १०५नुसार झडतीचं आणि जप्तीचं, जप्त वस्तूंची यादी करण्यासकट, चित्रीकरण व्हायला हवं. ते होतंय का, एवढं नम्रपणे विचारायला घाबरू नका. पंचनाम्यात "एक संगणक" एवढंच लिहून घेऊ देऊ नका. मेक, अनुक्रमांक, आत किती डिस्क, सगळं लिहायला सांगा. हॅश व्हॅल्यू म्हणजे डिस्कवरच्या मजकुराचा अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात त्याला जागा आहे, म्हणून त्याची नोंद मागा.

आणखी एक विनंती तपास अधिकाऱ्याला लेखी करा: डिस्कची हुबेहूब प्रत घ्या आणि यंत्र राहू द्या, किंवा मूळ न्या पण कामापुरती प्रत आम्हाला द्या. नकार मिळू शकतो. मात्र तुमचा अर्ज, त्यावरची पोच, पुढे न्यायालयात उपयोगी पडते. मुद्देमाल सोडवण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्याची वकिलांना आठवण करून द्या. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं, की जप्त वस्तू पोलीस ठाण्यात पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त पडून राहू नयेत. ते प्रकरण संगणकांचं नव्हतं, पण त्यातला विचार आपल्या कामाचा आहे.

घाबरून काही पुसू मात्र नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि निर्दोष माणूस त्यानेच आरोपी होतो.

बॅकअप रोज घ्या, पण त्याच खोलीत ठेवू नका. झडतीत शेजारची हार्ड डिस्कही जाते. आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर एका साध्या वहीत, हाताने लिहून, घरी ठेवा. यंत्र गेल्यावर पहिल्या तासात त्या शाळांना, त्या दुकानांना कळवायचं असतं, आणि नंबर असतात नेमके त्याच यंत्रात.

नमस्कार.