'स्वयंपाक करताना लाईट गेली' हे इंग्रजीत कसं सांगायचं

नमस्कार मंडळी. आज फक्त एका वाक्यावर बोलायचं ठरवून आलोय, आणि ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी बोललेलं आहे, 'स्वयंपाक करताना लाईट गेली'. कोण स्वयंपाक करत होतं? सांगायची गरजच नाही, जी बाई सांगतेय तीच. लाईट स्वयंपाक करत नव्हती हे लहान पोरालाही कळतं. आता हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की होतं 'व्हाइल कुकिंग, द लाइट्स वेंट आउट', आणि इंग्रजीच्या नियमाने बघितलं तर याचा अर्थ होतो की दिवेच स्वयंपाक करत होते.

मी संध्याकाळी नोकरी करणाऱ्या लोकांचा इंग्रजीचा क्लास घेतो, वर्षानुवर्षं घेतोय, आणि ही एक चूक मला सगळ्यात जास्त दिसते. कारण सरळ आहे. आपलं 'ताना' फार मोकळं आहे. त्याला स्वतःचा कर्ता देता येतो, 'मी जेवत असताना फोन आला', आणि नाही दिला तरी ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो, 'जेवताना फोन आला'. इंग्रजीत तसं नाही. 'व्हाइल'च्या पुढे नुसतं 'कुकिंग', 'ड्रायव्हिंग' असं ठेवलं आणि कर्ता गाळला, तर पुढच्या मुख्य वाक्याचा जो कर्ता असेल तोच मागचं कामही करत होता असं धरलं जातं. दोन्ही कामं एकाच माणसाची असतील तर काही अडचण नाही, 'व्हाइल कुकिंग, आय बर्न्ट माय हँड' एकदम बरोबर. माणसं दोन झाली की मात्र कर्ता लिहायलाच लागतो, 'व्हाइल आय वॉज कुकिंग, द लाइट्स वेंट आउट'.

हे बारीक वाटेल पण बारीक नाही. क्लासमधल्या एका मुलाचा बाईकवर अपघात झाला, पाय फ्रॅक्चर, आणि विम्याच्या फॉर्ममध्ये त्याने लिहिलं, 'व्हाइल टर्निंग लेफ्ट, द ट्रक हिट माय बाइक'. त्याला म्हणायचं होतं की मी वळत होतो आणि ट्रकने ठोकलं. वाचणाऱ्याने वाचलं की ट्रक वळत होता. पंचनाम्यात मराठीत स्वच्छ लिहिलेलं, 'अर्जदार डावीकडे वळत असताना मागून आलेल्या ट्रकने धडक दिली', म्हणजे दोन कागदांत मेळ बसेना, आणि कंपनीकडून पत्र आलं की खुलासा करा. तो प्लॅस्टर घातलेला पाय घेऊन माझ्याकडे आला होता, फॉर्मचा फोटो मोबाईलवर दाखवत म्हणाला, सर यात चूक काय आहे, स्पेलिंग तर सगळी बरोबर आहेत. खरंच होती. आम्ही फक्त 'आय वॉज' हे दोन शब्द मध्ये घातले. 'व्हाइल आय वॉज टर्निंग लेफ्ट'. मला अजून वाईट वाटतं की शाळेत दहा वर्षं इंग्रजी शिकून हे दोन शब्द त्याला कुणी दिले नव्हते.

आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पण दहावीला आपण घोकतो काय, तर 'अ‍ॅज सून अ‍ॅज'चं 'नो सूनर दॅन' करा. म्हणजे एक झालं की लगेच दुसरं झालं, 'येताच', 'बघताच', याची कवायत पाठ असते. दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या हे कसं सांगायचं ते मात्र तसंच राहून जातं, आणि रोजच्या आयुष्यात लागतं तेच.

आता मुख्य मुद्दा. इंग्रजी बोलण्याआधी स्वतःला विचारा, या दोनपैकी कुठलं काम आधीपासून चाललेलं होतं आणि कुठलं मध्येच घडलं. चाललेल्याला 'वॉज कुकिंग', 'वॉज टर्निंग'. मध्येच घडलेल्याला साधा भूतकाळ. 'व्हाइल' चाललेल्या कामाला चिकटतो, कारण 'व्हाइल' हा मुळात वेळेचा तुकडा सांगणारा शब्द आहे, जुन्या इंग्रजीत तो नामच होता, आजही 'फॉर अ व्हाइल' म्हणतात ना, तोच. त्याच्यापुढे काळाची लांबी लागते. 'व्हाइल द ग्लास ब्रोक' कानाला खटकतं ते त्यामुळे, ग्लास फुटायला क्षण लागतो.

'व्हेन'चं वेगळं आहे आणि इथे मला जरा थांबायचंय. आपल्याला शिकवलंय 'व्हेन म्हणजे जेव्हा'. अर्धं खरं आहे. 'आय वॉज लॉकिंग द डोअर व्हेन द फोन रँग' घ्या. याचं मराठी काय? 'मी दाराला कुलूप लावत होतो, एवढ्यात फोन वाजला.' एवढ्यात! वाक्याच्या शेवटी आलेला असा 'व्हेन' म्हणजे आपलं 'एवढ्यात', 'तेवढ्यात', 'इतक्यात'. खरी बातमी त्याच्या पुढे असते. आणि आता उलटं व्हायला लागलंय, डब केलेल्या सिरियलींत, भाषांतर केलेल्या बातम्यांत सर्रास ऐकू येतं, 'मी कुलूप लावत होतो जेव्हा फोन वाजला'. हे मराठी नाही हो. आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना तो टाकून देऊन 'जेव्हा' कशाला मध्ये कोंबायचा? इंग्रजी नीट शिकलं तर मराठीही वाचेल असं मला मनापासून वाटतं.

बरं, 'व्हेन' वाक्याच्या सुरुवातीला आला की काळ बदलून अर्थ कसा फिरतो ते बघा. मामा आला. 'व्हेन मामा केम, वी एट', मामा आला मग आम्ही जेवलो. 'वी वेअर ईटिंग', मामा आला तेव्हा आमचं जेवण चाललं होतं. 'वी हॅड इटन', मामा आला तेव्हा आमचं जेवून झालं होतं. पहिल्यात मामाला गरम भात, दुसऱ्यात पानावर बोलावलं, तिसऱ्यात उरलंसुरलं. म्हणजे एकाच वेळी असं फक्त मधल्या वाक्यात आहे आणि ते 'व्हेन'मुळे नाही, क्रियापदामुळे आहे. मराठीत हे तिन्ही तुम्ही न चुकता बोलता, तीच जाण इकडे आणायची. फक्त 'व्हेन' लावल्यावर पुढे परत 'दॅट टाइम' म्हणू नका, आपल्याला 'जेव्हा' आणि 'तेव्हा' दोन्ही लागतात, त्यांना एकच पुरतो. आणि 'तू येशील तेव्हा' मध्ये आपला भविष्यकाळ आहे, तिथे त्यांचा 'व्हेन यू कम', 'विल' नको.

राहिला 'अ‍ॅज'. हा दोन गोष्टी बरोबरीने बदलत जातात तेव्हा फार छान बसतो. 'अ‍ॅज इट ग्रू डार्क, इट गॉट कोल्डर', जसजसा अंधार पडत गेला तसतशी थंडी वाढत गेली. इथे 'व्हाइल' घातलं तर दोन्ही गोष्टी सुट्या होतात, अंधाराचा आणि थंडीचा हात सुटतो. पण 'अ‍ॅज'चा अर्थ 'कारण' असाही होतो, म्हणून गोंधळ होईल असं वाटलं तर दुसरा शब्द घ्या.

मागच्या रांगेतल्या ताईंनी मगाशी चिठ्ठी पाठवली होती, 'गात गात आला' कसं म्हणायचं? 'ही केम इन सिंगिंग'. 'व्हाइल', 'अ‍ॅज' असा जोडणारा शब्दच नको, 'गात गात' दोनदा आहे त्यांच्याकडे एकदा पुरतं. आणि त्याच चिठ्ठीत खाली होतं, 'पडता पडता वाचलो'. हा प्रश्न फार आवडला मला. दिसायला दोन कामं एकदम चालली आहेत असं दिसतं, पडणं आणि वाचणं, म्हणून मुलं 'व्हाइल फॉलिंग आय सेव्ह्ड' करतात. पण पडणं झालंच नाही ना! ते होता होता राहिलं. म्हणून तिथे 'व्हाइल' नाही, 'अ‍ॅज' नाही, काहीच नाही, 'आय ऑलमोस्ट फेल', संपलं.