पाणलोट क्रमांक दोन

नमस्कार, श्रोतेहो.

आजचा विषय आहे मूलद्रव्यांची चक्रं. कार्बनचं चक्र, नत्राचं म्हणजे नायट्रोजनचं चक्र, स्फुरदाचं म्हणजे फॉस्फरसचं चक्र. शाळेच्या पुस्तकातली आकृती आठवत असेल तुम्हाला. एक झाड, एक गाय, एक ढग आणि त्यांच्याभोवती गोल फिरणारे बाण. त्या बाणांवर माझा जुना राग आहे. सगळे बाण एकाच जाडीचे काढलेले असतात. खरं तर त्यातला एक प्रवास तासाभरात उरकतो आणि दुसऱ्याला लाखो वर्षं लागतात. दुसरं म्हणजे त्या आकृतीत कधी काही गळत नाही. प्रत्यक्षात गळतं, सतत गळतं. आज त्या गळतीबद्दलच बोलायचं आहे.

तिघांची ओळख पटकन करून घेऊ. झाड वाळवून वजन केलं, तर त्यातलं जवळपास निम्मं वजन कार्बनचं भरतं. तो सगळा हवेतून आलेला असतो, मातीतून नव्हे. झाड कुजलं किंवा जळलं की तो पुन्हा हवेत जातो.

नत्राची गंमत वेगळी. हवेत ७८ टक्के नत्रच आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी इतके घट्ट धरून असतात की झाडाला त्याचा काही उपयोग नाही. हा बंध तोडू शकतात ते काही मोजके जिवाणू, आकाशातली वीज आणि गेल्या शंभरेक वर्षांत खताचे कारखाने. शेंगवर्गीय रोप उपटून पाहा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं कापा. आत गुलाबी किंवा लालसर रंग असेल तर काम चालू आहे. पांढरी असेल तर अजून सुरू झालेलं नाही किंवा होणारच नाही, आणि हिरवट तपकिरी असेल तर संपलं. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच एका नातेवाइकाचा. नत्र तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ऑक्सिजन लागला की निकामी होतं, म्हणून हे लाल द्रव्य ऑक्सिजनला बांधून ठेवतं आणि जिवाणूंना श्वासापुरता मोजून देतं.

आणि स्फुरद. स्फुरदाची हवेतून ये-जा जवळजवळ नाहीच. धुळीबरोबर थोडा उडतो, तेवढंच. खडक झिजला की सुटतो, ओढ्यातून समुद्रात जातो, तळाला बसतो. तो तळ पुन्हा डोंगर होऊन वर येईपर्यंत थांबायची तुमची तयारी असेल, तर त्याला खुशाल चक्र म्हणा.

आता एक गोष्ट. हा विषय निघाला की ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि आजच्या वेळेतला मोठा वाटा तीच खाणार आहे, हे आधीच कबूल करतो.

अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू हॅम्पशायर राज्यात, हबर्ड ब्रुक नावाचं जंगल आहे. तिथल्या वनखात्यानं १९५५ मध्ये ते पाण्याच्या अभ्यासासाठी राखून ठेवलं. डोंगराच्या उतारावर शेजारी शेजारी छोटे छोटे पाणलोट, प्रत्येकाचा एकेक ओढा. आणि खाली अखंड खडक, पाणी खोल जाऊ न देणारा. म्हणजे पाऊस पडला की त्या पाण्याला वाटा दोनच. एक तर वाफ होऊन वर, नाहीतर ओढ्यातून बाहेर. पुन्हा सांगतो, कारण सगळी गोष्ट यावर उभी आहे: वर हवेत किंवा खाली ओढ्यात. तिसरी वाट नाही.

ओढ्याच्या तोंडाशी काँक्रीटचा बांध घातला आणि त्याच्या माथ्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच ठेवली. खाचेत पाणी किती चढलं हे मोजलं की प्रवाह किती हे कळतं. व्हीच का? कोरड्या दिवसांत ओढा बोटभर झालेला असतो. सपाट माथ्यावरून तेवढं पाणी केसभर जाडीनं पसरेल आणि मोजताच येणार नाही. व्हीच्या टोकात मात्र तेच पाणी चांगलं वर चढतं.

१९६३ मध्ये जीन लायकन्स आणि हर्बर्ट बोरमन, भूशास्त्रज्ञ नॉय जॉन्सन आणि वनखात्याचे रॉबर्ट पियर्स यांनी इथे जंगलाचा जमाखर्च मांडायला घेतला. जमेला पाऊस, खर्चाला ओढा. दर आठवड्याला दोन्हीचे नमुने. हिशेब साधा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. त्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम नत्र असेल, तर दहा ग्रॅम नत्र जमा. वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा किलो.

हिशेब साधा, पण नमुना साधा नाही. काचेची बाटली घेतली तर काचेतलं सोडियम पाण्यात उतरतं. पावसाच्या नरसाळ्यावर पक्षी बसला की त्या आठवड्यात नत्र आणि स्फुरद दोन्ही आकाशातून बरसल्यासारखे दिसतात. नमुना उबेत राहिला तर बाटलीतले जिवाणू प्रयोगशाळेच्या आधीच त्यातलं नत्र खाऊन मोकळे होतात. म्हणून थंड ठेवायचं, लवकर तपासायचं आणि शंका आली तर आकडा टाकून द्यायचा. आकडा टाकून द्यायला धैर्य लागतं. आजकाल ते कमी झालंय असं माझं मत आहे, पण तो विषय वेगळा.

तर दोन-अडीच वर्षं हिशेब लिहून झाला. उभ्या जंगलात चित्र असं होतं: पावसातून जेवढं नत्र येतं, त्याहून कमी ओढ्यातून जातं. जंगल धरून ठेवतं. मग प्रश्न आला, धरतं कोण? माती की झाडं?

१९६५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणलोट क्रमांक दोनमधलं झाडन् झाड पाडलं. १५.६ हेक्टर, म्हणजे साधारण साडेअडतीस एकर. आणि आता नीट ऐका: एकही ओंडका बाहेर काढला नाही. रस्ता केला नाही. माती उकरली जाऊ नये याची काळजी घेतली. जे जिथे पडलं ते तिथेच. म्हणजे जंगलात होती ती सगळी मूलद्रव्यं अजून जंगलातच होती, फक्त आडवी. पुढचे तीन उन्हाळे तणनाशक मारून नवं काही उगवू दिलं नाही.

हिवाळा गेला. वसंतात शेजारच्या उभ्या जंगलाच्या ओढ्यात नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळून जाणारं नत्राचं रूप, नेहमीप्रमाणे कमी व्हायला लागलं, कारण मुळं जागी झाली होती. आणि क्रमांक दोनच्या ओढ्यात? ७ जून १९६६ पासून नायट्रेट सरळ वर. तारीख लक्षात ठेवा. तणनाशक मारलं ते त्यानंतर सोळा दिवसांनी. म्हणजे दोष त्या औषधावर ढकलायची सोय राहिली नाही.

पहिल्या वर्षी ओढ्यातलं नायट्रेट ४१ पट झालं. दुसऱ्या वर्षी ५६ पट. एका जंगली ओढ्यानं पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडली, आणि वर ना शेत, ना खत, ना गटार. ओढ्याचं पाणीही पहिल्या वर्षी ३९ टक्क्यांनी वाढलं, कारण पानांतून वर जाणारं पाणी आता खाली येत होतं. पण नुसतं पाणी वाढलं असतं तर नायट्रेट पातळ व्हायला हवं होतं. सल्फेटचं तसं झालं, त्याचं प्रमाण घटलं. बाकी बहुतेक सगळं चढलं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चारशे टक्क्यांहून जास्त, पोटॅशियम तर दीड हजार टक्क्यांहून जास्त.

हे कसं झालं? पालापाचोळा कुजतो तेव्हा त्यातलं नत्र आधी अमोनियम होऊन सुटतं. अमोनियमवर धन भार असतो, आणि मातीचे आणि ह्यूमसचे, म्हणजे कुजून उरलेल्या काळ्या द्रव्याचे, कण ऋण भाराचे. म्हणून माती अमोनियमला धरते. झाडं उभी असली की मुळं आणि मुळांवरच्या बुरशा ते तिथल्या तिथे उचलतात. झाडं गेली, उचलणारं कोणी नाही. मग मातीतले दुसरे जिवाणू त्या अमोनियमवर ताव मारतात आणि त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार. मातीही ऋण, नायट्रेटही ऋण. माती त्याला धरत नाही. पाणी आलं की चाललं.

आणि पुढचा भाग पुस्तकांत बहुधा गाळलेला असतो. एका अमोनियमचं नायट्रेट होताना दोन हायड्रोजन आयन सुटतात. म्हणजे आम्ल. हा हायड्रोजन मातीच्या कणावर जाऊन बसतो आणि तिथे आधी बसलेल्या कॅल्शियमला, मॅग्नेशियमला, पोटॅशियमला उठवतो. उठलेले सगळे नायट्रेटचा हात धरून ओढ्यात. म्हणून नत्राबरोबर बाकीचेही गेले. ओढ्याचा सामू, म्हणजे पीएच, ५.१ वरून ४.३ वर आला, पाणी आणखी आम्ल झालं. हे मातीची धूप होऊन, गढूळ पाण्यातून गेलेलं नाही. विरघळून गेलं. पाहणाऱ्याला पाणी स्वच्छच दिसलं असतं.

इथे मला थोडं भांडायचं आहे. वस्तूवर "केमिकल-फ्री" असं छापलेलं दिसतं. तो स्वच्छ दिसणारा ओढा पाहा. कारखाना नव्हता, खताची पिशवी नव्हती, लेबल नव्हतं, आणि नायट्रेट ५६ पट. पानात असतं तेही केमिकलच असतं. असो.

तिसऱ्या उन्हाळ्यानंतर फवारणी थांबवली. मग उगवली पिन चेरी. या झाडाचं बी मातीत कित्येक वर्षं गाडलेलं पडून राहतं आणि जंगल उघडं पडलं की उठतं. भराभर वाढतं, आखूड आयुष्याचं असतं, लाकूड काही खास नाही. वनखात्यांच्या हिशेबी असली झाडं बिनकामाची. पण सुटलेलं नत्र आणि कॅल्शियम तिच्या मुळांनी पुन्हा पकडलं आणि काही वर्षांत ओढ्यातलं नायट्रेट खाली आलं.

याच जंगलातल्या बाटल्यांनी त्या भागातला पाऊस आम्लधर्मी आहे हेही दाखवून दिलं. त्या पावसानं हळूहळू मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं होतं, म्हणून १९९९ मध्ये पाणलोट क्रमांक एकवर हेलिकॉप्टरनं कॅल्शियम सिलिकेटच्या गोळ्या टाकून ते परत भरून पाहिलं. हे सगळं शक्य झालं ते कोणीतरी दर आठवड्याला बाटली भरत राहिलं म्हणून. अशा कामाला पैसे मिळवणं महाकठीण. नव्या यंत्राला पैसे मिळतात. बाटली भरणाऱ्याला मिळत नाहीत.

वेळ थोडा उरलाय. त्यात कंपोस्टच्या डब्याचं बघू, कारण तिथे हीच मंडळी काम करतात. जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कार्बनचे साधारण पंचवीस ते तीस भाग लागतात. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात कार्बन याहून कमी, वाळक्या पानांत बराच जास्त आणि भुशात तर कित्येक पट. डब्याला नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर नत्र जास्त झालंय आणि ते हवेत उडतंय. वाळकी पानं घाला, ढवळा. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर पाणी जास्त आणि हवा कमी. तिथेही कोरडं घाला, पण मुख्य म्हणजे उलथापालथ करा. वासच नाही, ऊबही नाही आणि महिनाभर काही हलत नाही, तर नत्र कमी किंवा ओल कमी. मूठभर काढून घट्ट पिळा. एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त.

राख डब्यात ओंजळीनं ओतू नका. पानं जळताना नत्र धुरातून गेलेलं असतं, राखेत उरतात पालाश म्हणजे पोटॅशियम, कॅल्शियम आणि स्फुरद. चांगल्या गोष्टी आहेत, पण राख अल्कधर्मी असते, आणि अल्क लागला की डब्यातलं अमोनियम अमोनिया वायू होऊन उडतं. चिमूट चिमूट भुरभुरवा, तेही खत तयार झाल्यावर.

आणि तयार खत उघड्या पावसात ठेवू नका. त्यात एव्हाना नायट्रेट झालेलं असतं आणि धरायला मुळं नसतात. पहिल्या जोरदार सरीत नायट्रेट आणि पालाश आधी निघून जातं. ढिगाखालून जे तपकिरी पाणी वाहतं, त्यात तेच असतं. डब्याला झाकण घाला. कुंडी भरली असेल तर रोप त्याच आठवड्यात लावा, आणि रोप लहान असेपर्यंत पाणी कुंडीच्या खालून वाहील इतकं घालू नका.

नमस्कार.