बहिणीच्या वाट्याची तंबाखू

श्रोतेहो, नमस्कार.

त्र्यंबकेश्वरी क्षेत्रोपाध्यायांनी नामावळीची वही उघडली, की खापरपणजोबा भेटतात. आमच्या पानावर त्यांच्या बहिणींचा मात्र पत्ताच नव्हता. आजची गोष्ट अशाच एका बहिणीची आहे.

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पणजोबा जॉन १६५७च्या सुमारास तिकडच्या व्हर्जिनियात आले. पण इंग्लंडातल्या कुठल्या घरातून? खुद्द जॉर्जना १७९२ साली कुणी विचारलं, तर या विषयाकडे आपण फारसं लक्षच दिलेलं नाही, असं त्यांनी कळवून टाकलं. मग वंशावळी जुळवणाऱ्यांनी एक भलताच सर जॉन त्यांना पणजोबा म्हणून चिकटवला, आणि तो बरीच वर्षं चिकटून राहिला.

उत्तर मृत्युपत्रांत होतं. जॉननी १६७५ साली केलेल्या मृत्युपत्रात जमीनजुमला मुलांना आहेच, तो सोडून द्या. पुढे बहीण मार्था येते. तिला इंग्लंडातल्या पैशांतून दहा पौंड, तिच्या गलबताच्या भाड्याचं देणं माफ, आल्यावर वर्षभर राहण्याजेवण्याची सोय, आणि ४,००० पौंड तंबाखू, पिंपांसकट! हे पौंड वजनाचे बरं का. तिकडे तंबाखू हेच चलन होतं.

म्हणजे मार्था मागाहून इंग्लंडातून आली. तिनं स्वतः १६९७ साली मृत्युपत्र केलं, त्यात तिकडेच राहिलेल्या दोघी बहिणी आहेत, एलिझाबेथ आणि मार्गारेट.

आता इंग्लंडातल्या हर्टफर्डशायरमधलं ट्रिंग गाव. तिथल्या अँड्र्यू नोलिंगनी १६५०च्या मृत्युपत्रात आपली सावत्र मुलगी ॲम्फिलिस वॉशिंग्टन आणि तिची मुलं नोंदवली. त्यांत जॉन, एलिझाबेथ, मार्गारेट, मार्था. घरदार बहुतेक धाकट्या लॉरेन्सला, कारण तो नोलिंगचा धर्मपुत्र, म्हणजे ‘गॉडसन’. ॲम्फिलिस गेल्यावर तिच्या मालमत्तेचा कारभार कोर्टानं थोरल्या मुलाकडे, जॉनकडे दिला. एका जॉनवरून काय ठरणार? जॉन पैशाला पासरी. पण समुद्राच्या दोन्ही काठांना त्याच तिघी बहिणी? हेन्री वॉटर्स या संशोधकानं हे धागे जुळवून १८८९ साली छापले.

असे कागद वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून फेब्रुवारीतल्या कागदावरचं १६५५ म्हणजे आपलं १६५६. आणि त्या काळचं ‘डॉटर-इन-लॉ’ सावत्र मुलीलाही म्हणत. तिथे सून धरलीत, तर बाई भलत्याच घरात नांदायला जायची.