पायलट व्हायचंय? चेक नंतर फाडा

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आईवडील मुलांना घेऊन माझ्याकडे येतात. पायलट होऊ पाहणाऱ्यांना मी हवामानशास्त्र शिकवतो. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, एकूण खर्च किती?" मी म्हणतो, आधी मेडिकल करून या.

थट्टा करत नाही मी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे आपलं डीजीसीए, आधी क्लास टू आणि मग जास्त कडक अशी क्लास वन वैद्यकीय तपासणी मागतं. चष्मा असला तर पायलट होता येत नाही, ही समजूत अजून घरोघरी आहे. ती चुकीची. ठरलेल्या मर्यादेत नंबर असेल तर चष्मा चालतो. रंग ओळखण्यातला दोष मात्र आडवा येतो, आणि तो आपल्याला आहे हे कित्येकांना तपासणीत रंगीत ठिपक्यांमधला आकडा न दिसल्यावरच कळतं. या तपासणीला काही हजार रुपये लागतात. क्लास वनचा निकाल हातात येईपर्यंत कुठल्याही फ्लाइंग स्कूलला मोठी रक्कम देऊ नका. पुष्कळजण नेमकं उलटं करतात.

दुसरं, लेखी परीक्षा. नेव्हिगेशन (मार्ग आखणं), हवामान, एअर रेग्युलेशन्स (उड्डाणाचे नियम), टेक्निकल (विमान आणि इंजिन). प्रत्येक पेपरला ७० टक्के लागतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित नसलेली वाणिज्य शाखेची मुलं हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देतात आणि मग इकडे वळतात. माझं मत असं, की निदान दोन पेपर पास झाल्याशिवाय उड्डाणाच्या फीचा विचारच करू नये. मे महिन्यात दुपारनंतर पुण्यावर ढग कसे उभे राहतात हे वाचताना ज्याला जांभया येतात, त्याला गणवेश आवडलेला असतो, काम नाही.

मग येतं उड्डाण. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. त्यातले १०० तास विमान तुमच्या एकट्याच्या जबाबदारीवर, आणि एक प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरचा. माहितीपत्रकात हे वर्षभरात उरकतं. प्रत्यक्षात जून ते सप्टेंबर पावसात धावपट्टी दिसत नाही, एखादं विमान सुट्या भागासाठी अडकून पडतं, प्रशिक्षक एअरलाइनची नोकरी मिळाली की निघून जातो. मुलगा होस्टेलवर, खर्च चालूच. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, जळगाव या ठिकाणी प्रशिक्षण चालतं. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे. जिथे जाल तिथे ऑफिसात बसून परत येऊ नका. मेसमध्ये जा आणि मुलांना विचारा, "गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले?" डीजीसीएने २०२५ पासून या संस्थांची क्रमवारीही लावायला सुरुवात केली आहे. तीही बघा, पण मेसमधलं उत्तर जास्त खरं.

आता पैसा. परवान्यापर्यंत पन्नास लाखांच्या आसपास धरून चाला. एअरबस किंवा बोइंग चालवायचं तर टाइप रेटिंगचे, म्हणजे त्या विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचे, आणखी लाखो रुपये वेगळे. एअरलाइन्सच्या कॅडेट योजना, म्हणजे कंपनीनेच निवडून प्रशिक्षण द्यायच्या योजना, कोटीच्या घरात जातात. एवढं कर्ज घर किंवा जमीन तारण ठेवल्याशिवाय सहसा मिळत नाही, म्हणून हा निर्णय एकट्या मुलाचा राहत नाही.

परवाना मिळाल्यावर नोकरी कधी लागेल, हे मात्र कुणाच्या हातात नसतं. किंगफिशर ही विमान कंपनी २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. अशा वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले कॅप्टनही रांगेत येतात, मग २०० तासवाल्याला कोण विचारणार? आणि त्याच २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून वडिलांना मी एवढंच विचारतो: परवाना मिळाल्यावर दोन वर्षं नोकरी नाही लागली, तर हप्ता कुठून भराल? शेत विकून, असं उत्तर आलं तर मी थांबा म्हणतो. मुलाचा चेहरा उतरतो, पण म्हणतो.

मुलीला जमेल का, हा प्रश्न आता तरी सोडा. भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे.

आणि ज्यांच्याकडे पन्नास लाख नाहीत, त्यांनी हवाई दलाचा रस्ता जरूर तपासावा. खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, प्रशिक्षणाची फी नाही, २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची संस्था १९७७ पासून आहे. हवाई दलातली शिस्त आणि सेवेची बांधिलकी मान्य हवी, एअरलाइनची नोकरी लगेच मिळत नाही, आणि वैमानिकाच्या निवडीत अभिक्षमता चाचणी एकदा नापास झालात की ती पुन्हा देता येत नाही. एनडीएची प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि बारावीत शिकत असतानाच अर्ज भरता येतो.