मी वेडी झाले आणि इंग्रजीला पत्ताच नाही

(वाचनालयातल्या मासिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बाहेर फळ्यावर नुसतं 'तातू' लिहिलंय. गोंदणाचं प्रात्यक्षिक असेल म्हणून कुणी आलं असेल तर निराशा होईल, पण शेवटी चहा आहे, बसा.

तातू म्हणजे येलेना कातिना आणि यूलिया वोल्कोवा या दोघींचा रशियन पॉप बँड. मॉस्कोच्या मुली, दोघीही आधी लहान मुलांच्या गायनवृंदात होत्या. 1999 च्या सुमारास इवान शापोवालोव नावाच्या जाहिरातक्षेत्रातल्या गृहस्थाने त्यांना निवडलं. तेव्हा त्या जेमतेम चौदा-पंधरा वर्षांच्या. गाण्याच्या व्हिडिओत शाळेचा गणवेश, पाऊस, कुंपण, पलीकडून टक लावून बघणारी माणसं आणि 'या दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे' अशी हूल. सगळी त्याचीच मांडणी. 2003 च्या अखेरीस रशियन टीव्हीवर एक माहितीपट दाखवला गेला आणि ती जोडी बनावट होती हे जगजाहीर झालं. पोरींच्या वयाचा असा बाजार मांडणाऱ्या माणसाबद्दल मला काडीचंही प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकतो. गाण्यांची गोष्ट निराळी.

रशियन अल्बम मे 2001 मध्ये आला, इंग्रजी अवतार 2002 च्या डिसेंबरात. फेब्रुवारी 2003 मध्ये त्यातलं 'ऑल द थिंग्ज शी सेड' हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, सलग चार आठवडे. जगाने ऐकला तो हा इंग्रजी अवतार. आणि माझी तक्रार अशी आहे, गेली वीस वर्षं घरात कुणी ऐकून घेत नाही म्हणून तुमच्यापुढे मांडतो, की तो अर्धाच ऐकला गेला. उरलेला अर्धा मराठी माणसाला फुकटात ऐकू येतो.

कसा, ते सांगतो. मी तेव्हा पुण्यात संध्याकाळच्या रशियनच्या वर्गाला जायचो. दिवसभर नोकरी, सहानंतर रशियन. आमच्या बाई कडक. लहानपणी मॉस्कोहून छापून येणारी गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं वाचून त्यांना रशियनचा नाद लागलेला. (हात वर करा कुणाकुणाच्या घरी होती ती. बघा! आणि वाळवी लागली कुणाकुणाच्या? तेवढेच हात.) तर त्या दिवशी भूतकाळ चालला होता. मी फूटपाथवरून घेतलेली सीडी नेली, कव्हरची झेरॉक्स, त्यावर दोघींचे चेहरे शाई सांडल्यासारखे. बाई म्हणाल्या, लाव, क्रियापदं ऐकू.

गाणं सुरू झालं: 'या साश्ला स उमा'. आमच्या वर्गात एक मोटर रिवाइंडिंगचं दुकान असलेला मित्र होता. त्याने दुसऱ्याच फेरीला सूर लावला, मोठ्यांदा: साश्ला, साश्ला. बाईंनी खडू आपटला.

"साशोल म्हण. तू पुरुष आहेस ना?"

"बाई, गाणं तिचं आहे."

"मग तू गाऊ नकोस."

वर्ग हसला. हा गडी मात्र विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे 'मी वेडी झाले' ना बाई? मी 'वेडा झालो' म्हटलं तर गाणंच फिरतं की." बाई गप्प. खडू खाली ठेवला, हात झटकले आणि म्हणाल्या, "पुन्हा लाव रे ते."

मला रशियनचा भूतकाळ त्या दिवशी कळला. मराठीसारखाच. 'मी' म्हणणारं माणूस बाई की बाप्या हे क्रियापदच सांगतं. शिवाय 'साश्ला' म्हणजे शब्दशः 'उतरले'. भानावरून उतरले, आपण रुळावरून घसरतो तसं. हेच गाणं इंग्रजीत 'ऑल द थिंग्ज शी सेड' झालं. 'शी' आली, पण गाणारी कोण? इंग्रजीतला 'मी' बिनलिंगी. ते शब्द एखाद्या पुरुषाने अक्षर न बदलता गावेत, साधं प्रेमगीत होईल. रशियनमध्ये तो पहिल्याच क्रियापदाला अडखळेल, आमच्या मित्रासारखा. रशियनचं जे एका प्रत्ययात भागतं, त्याला इंग्रजीत व्हिडिओ लागतो.

बँडचं नावसुद्धा बघा. 'ता ल्यूबित तू', ही तिच्यावर प्रेम करते. त्यातली 'ता' आणि 'तू' उचलली की तातू. ही आणि तिला. दोन अक्षरांत दोन्ही बायका, आणि कोण कोणावर हेही विभक्तीत आलं. सांगा बरं इंग्रजीत.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' अहो, मी तर अजून संगीतावर आलोच नाही, आणि कार्यक्रमपत्रिकेत तेच छापलंय.

पटापट घेतो. इंग्रजी अल्बमची मुख्य गाणी ट्रेव्हर हॉर्नने घडवली. हॉर्न म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी सिंथ-पॉपचा, म्हणजे सिंथेसायझर या विजेवरच्या वाद्यावर उभ्या पॉप संगीताचा, मोठा कारागीर. आवाज त्याने धुऊनपुसून भव्य केला. रशियन मूळ जरा कर्कश, सिंथ खरखरीत, पोरी जवळजवळ ओरडतात, आणि मला तेच पटतं, कारण भान सुटलेलं माणूस काही सुरात ओरडत नाही.

अल्बमचं नाव 'द्वेस्ती पा व्स्त्रेचनय'. ताशी 200, समोरून येणाऱ्यांच्या लेनमधून. इंग्रजीत झालं 'राँग लेन'. (पुणेकरांनो, हसू नका, आपण ताशी 20 ने तेच करतो आणि वर हॉर्न वाजवतो.) पण मूळ शब्दात 'चुकीचं' कुठेच नाही. तो आला 'व्स्त्रेचा'वरून, म्हणजे भेट. समोरून भेटायला येणाऱ्यांचा रस्ता! कोण चुकलं हा निवाडा भाषांतराने आपल्या पदरचा घातला.

युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा, 2003, रीगा: तिसरा क्रमांक, पहिल्यापेक्षा तीन गुणांनी मागे. त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, बोलवा. आणि 2013 मध्ये रशियात अल्पवयीनांपुढे समलैंगिकतेच्या 'प्रचारा'वर बंदीचा कायदा झाला, त्यानंतर आठ महिन्यांत सोची ऑलिंपिकच्या उद्घाटनाआधी त्याच सरकारच्या सोहळ्यात याच दोघी 'नास ने दागोन्यात' गायल्या. यावर मी काय बोलू? वेळही नाही.

तेच गाणं आता लावतो. अर्थ साधारण 'नाही गाठणार आम्हाला'. कोण नाही गाठणार? इंग्रजीला तिथे 'दे' घालावा लागला. रशियनमध्ये कर्ताच नाही, आपल्या मराठी वाक्यात तरी कुठे होता? ऐकताना शोधा, 'ते' सापडणार नाहीत. दिवे राहू द्या, तेवढे पंखे बंद करा. या स्पीकरचा आवाज फार बारीक आहे.